ऐरोलीतला शनिवारचा प्रोग्रॅमिंग वर्ग : प्रकल्प नोंदी, जून ते सप्टेंबर २०२५

जागा: ऐरोली, वाचनालयाच्या पहिल्या मजल्यावरची खोली. मुले २४, सातवी-आठवीची, मराठी माध्यमाची. शिकवणारे चौघे. वेळ शनिवारी दुपारी ३ ते ५. नोंदींमध्ये आज्ञा आणि अंक देवनागरीत लिहिले आहेत. यंत्रावर मुले ते इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टाइप करतात. तसे का, ते २ ऑगस्टच्या नोंदीत आहे.

७ जून

१२ जुने डेस्कटॉप खोलीत लागले. ४ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क. तीन सुरूच होईनात, नुसता बीपचा आवाज. खाडीलगतच्या दमट हवेत वर्षभर पडून राहिलेल्या यंत्रांचे हे नेहमीचे दुखणे: रॅमच्या पट्टीच्या पायांवर थर चढतो. पट्टी काढून पाय पांढऱ्या खोडरबरने हलके घासले, भुकटी ब्रशने झटकली, दोन्ही खटके बसेपर्यंत पट्टी परत दाबली. दोन यंत्रे उठली. तिसऱ्याचा एसएमपीएस (यंत्राला वीज पुरवणारा भाग) गेला होता, तो बदलला.

चार यंत्रांचे घड्याळ कित्येक वर्षे मागे होते. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला की तारीख मागे पडते, मग ब्राउझर जवळपास प्रत्येक साइट ‘असुरक्षित’ म्हणून अडवतो आणि दोष मात्र नेटला जातो. सेल स्वस्त आहे, बाराही बदलून टाकले.

हार्ड डिस्क काढून २४० जीबीच्या एसएसडी बसवल्या. जुन्या यंत्रात सगळ्यात जास्त फरक याच एका बदलाने पडतो. एका यंत्रावर लिनक्स मिंटची एक्सएफसीई (हलकी) आवृत्ती, टर्बोवार्प आणि थॉनी (मुले ज्यांत प्रोग्रॅम करतील ती दोन साधने) नीट बसवले, आणि डिस्कची हुबेहूब नक्कल करणाऱ्या क्लोनझिलाने तीच प्रत उरलेल्या ११ यंत्रांवर उतरवली. नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आहे, त्यामुळे सगळे बाराच वेळा उतरवून घेणे परवडले नसते. क्लोननंतर प्रत्येक यंत्राचे नाव बदलायचे आणि तेच नाव कॅबिनेटवर चिकटवायचे. नाहीतर पुढच्या शनिवारी कुणाची फाइल कुठे आहे हे शोधण्यात अर्धा तास जातो.

दोन यंत्रांमागे ६०० व्हीएचा एक यूपीएस. प्लग काढून घड्याळ लावले तर सात मिनिटे चालला. पावसात वीज गेली तर फाइल सेव्ह करून यंत्र बंद करायला तेवढे पुरे.

१४ जून

आज फक्त साधने ठरवली.

नवशिक्यासाठी सोपे केलेले प्रत्येक साधन काहीतरी झाकून ठेवते. स्क्रॅचमध्ये आज्ञांचे ब्लॉक जोडून प्रोग्रॅम बनतो, आणि ब्लॉकचे आकारच असे आहेत की चुकीच्या खाचेत तुकडा बसत नाही. व्याकरणाची चूक करायला वावच नाही, मुलाच्या वाट्याला उरते ती विचाराची चूक. पहिल्या महिन्यात आम्हाला नेमके तेच हवे आहे. म्हणून ‘कोणते साधन सर्वांत सोपे’ हा प्रश्न बाजूला ठेवला आणि प्रत्येक साधनाला एकच प्रश्न लावला: यात मुलाला कोणती चूक करता येते, आणि ती चूक त्याची त्याला दिसते का?

लोगो, १९६७. वॉली फ्युर्झाइग, सेमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांची भाषा. तिच्यातले कासव आजही सर्वांत भरवशाचे, कारण मूल स्वतः कासव होऊन चालून बघू शकते. चूक झाली तर चित्र वाकडे येते. कुणी सांगावे लागत नाही. पायथॉन या टाइप करून लिहायच्या भाषेत हेच कासव टर्टल नावाच्या मोड्यूलमध्ये (तयार कोडच्या संचात) आयते मिळते.

कॅरेल, १९८१, रिचर्ड पॅटिस. चौकोनी जाळ्यावर फिरणारा यंत्रमानव. त्याला फक्त डावीकडे वळता येते. ही उणीव मुद्दाम ठेवलेली आहे आणि आम्ही ती तशीच उचलणार.

स्क्रॅच, एमआयटी मीडिया लॅब, २००७. सध्याची तिसरी आवृत्ती जानेवारी २०१९ची. तिचे अधिकृत ऑफलाइन अॅप लिनक्सवर नाही, म्हणून टर्बोवार्प. ब्लॉक तेच, फाइलही तीच एसबी३, मूल घरी किंवा शाळेत स्क्रॅचमध्ये ती उघडू शकते.

हेडी, २०२०, नेदरलँड्समधल्या फेलिएन हर्मन्स यांची. व्याकरण पायरीपायरीने वाढत जाते. पहिल्या पायरीवर अवतरणचिन्हच नाही. दुसऱ्या पायरीवर व्हेरिएबल (किंमत साठवणारी नावे) येतात. मग ‘नाव’ हा शब्द वाक्यात छापायला जावे तर त्या जागी व्हेरिएबलमधले नाव येऊन बसते. मूल वैतागते, आणि चौथ्या पायरीवर अवतरणचिन्ह येते तेव्हा ते कशाला आहे हे सांगावे लागत नाही. ब्राउझरवर चालते म्हणून आमच्या नेटला झेपणार नाही, पण ही रीत घेतली: नवे चिन्ह त्याची गरज पडल्यावरच.

थॉनी, एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात तयार झालेला पायथॉन एडिटर. बटणे मोजकी, आणि प्रोग्रॅम एकेक पाऊल चालवून दाखवतो. मोठ्या कंपन्यांचे एडिटर शब्द अर्धा टाइप करताच पुढचा सुचवतात; नवशिक्याला त्या सुचवण्यांच्या गर्दीत आपण काय लिहितो आहोत हेच दिसत नाही.

ठरले: एक दिवस फरशीवर, मग स्क्रॅच, एक दिवस ब्लॉककडून मजकुराकडे पूल बांधण्यासाठी, मग थॉनीत कासव. ब्लॉकवरचे शब्द इंग्रजीच ठेवायचे, कारण इफ, एल्स, अँड, ऑर, नॉट पुढे पायथॉनमध्येही तेच आहेत. प्रत्येकाचा मराठी अर्थ भिंतीवर मोठ्या अक्षरांत.

२१ जून

२२ मुले. पहिला तास यंत्रे बंद. खोलीतल्या फरश्या ६० सेंटिमीटरच्या, आयते जाळे. एक मूल यंत्रमानव, दुसरे चिठ्ठ्या देणारे. चिठ्ठ्या तीनच प्रकारच्या: ‘पुढे’, ‘डावीकडे वळ’, ‘उचल’. उजवीकडची चिठ्ठी मागायला मुले लगेच आली. नाही म्हटल्यावर थोड्याच वेळात एका जोडीने तीनदा डावीकडे वळवून काम भागवले आणि चौथ्यांदा तेच लिहायचा कंटाळा आला तेव्हा स्वतःच एका कोऱ्या चिठ्ठीवर लिहिले: ‘उजवे म्हणजे डावे डावे डावे’. हे फंक्शन आहे, अनेक आज्ञांना मिळून दिलेले एक नाव. शब्द आज सांगितला नाही. चिठ्ठी जपून ठेवली आहे, ऑगस्टमध्ये काढायची.

यंत्रमानव झालेल्या मुलांना एक गोष्ट सक्तीने पाळायला लावावी लागते: समोर भिंत आली तरी ‘पुढे’ म्हटले की पुढेच. मुले शहाणपणाने थांबतात. थांबले की खेळ मोडतो, कारण चिठ्ठीतली चूक झाकली जाते.

दुसरा तास टर्बोवार्पवर. रंगमंच आडवा उणे २४० ते २४०, उभा उणे १८० ते १८०. ‘मूव्ह १००’ तीन-चारदा दाबले की “ताई, मांजर पळालं!” मांजर हे स्क्रॅचमधले पात्र, म्हणजे स्प्राइट. ते उजव्या कडेला चिकटलेले असते (स्क्रॅच स्प्राइटला पूर्ण बाहेर जाऊ देत नाही), आणि पुन्हा झेंडा (प्रोग्रॅम सुरू करण्याचे बटण) दाबला तरी तिथेच. प्रोग्रॅम बिघडला असे मुलांना वाटते. खरे कारण असे की स्क्रॅच आधीची अवस्था पुसत नाही. मांजर जिथे थांबले तिथूनच पुढचा डाव.

म्हणून प्रत्येक प्रोग्रॅमच्या डोक्यावर एक ‘सुरुवात-पट्टी’ लावायची सवय: झेंडा, पेन अप, गो टु शून्य-शून्य, दिशा ९०, इरेज ऑल, पेन डाउन. पेनचे ब्लॉक आपोआप दिसत नाहीत, डाव्या खालच्या कोपऱ्यातल्या एक्स्टेन्शनमधून घ्यावे लागतात. क्रमाला महत्त्व आहे. पेन खालीच असताना आधी इरेज आणि मग गो टु केले तर जुन्या जागेपासून मध्यापर्यंत एक तिरपी रेघ राहते. तीन जोड्यांकडे ती आली. पुसायला सांगितले नाही, कुठून आली ते शोधायला सांगितले. दोघींनी मांजराला बोटाने मागे नेत ती शोधली.

जोडीतला एक ‘हात’, दुसरा ‘डोळे’. हाताने माऊस धरायचा, डोळ्यांनी सांगायचे. दर १० मिनिटांनी अदलाबदल, गजर लावून. शिकवणाऱ्यांसाठी एकच नियम: मुलाच्या माऊसला हात लावायचा नाही.

२८ जून

रिपीट, म्हणजे आतल्या आज्ञा ठरावीक वेळा पुन्हा करणारा ब्लॉक. चौरस सगळ्यांना जमला: चार वेळा, १०० पुढे, ९० वळ. मग समभुज त्रिकोण. अपेक्षेप्रमाणे जवळजवळ प्रत्येक जोडीने ६० लिहिले, कारण शाळेत त्रिकोणाचा कोन ६० अंश शिकवलेला असतो. पडद्यावर येतो उघडा, अर्ध्या षटकोनासारखा आकार.

इथे उत्तर सांगितले तर सगळे वाया जाते. खडूने फरशीवर मोठा त्रिकोण काढला आणि एका मुलीला कडेवरून चालायला लावले. कोपऱ्यात आली की थांब. आता नाक कुठे आहे? आलेल्या दिशेला, म्हणजे त्रिकोणाच्या बाहेर. तिथून पुढच्या कडेकडे वळायला किती वळावे लागले? ती स्वतःच म्हणाली, “अर्ध्यापेक्षा जास्त.” कासव बाह्यकोनात वळते, १८० वजा ६०, म्हणजे १२०. आठवीच्या मुलांना ‘बाह्यकोन’ हा शब्द भूमितीतून माहीत होता, पण तो कुणाच्या पायाखाली आला नव्हता.

त्यानंतर सगळ्यात महत्त्वाचे निरीक्षण: कासव निघाले तिथे आणि त्याच तोंडाने परत आले, तर एकूण वळण ३६०. मग पंचकोन ७२, षटकोन ६०, हे मुले भागाकाराने काढू लागली. चांदणीला १४४ का, याचे उत्तर पाच गुणिले १४४ म्हणजे ७२०, दोन पूर्ण फेऱ्या. एका जोडीने ३०० कोनांची आकृती काढून ‘वर्तुळ’ म्हणून दाखवली; तिला नाही म्हणायचे कारण नाही.

शेवटी रांगोळी: चौरस काढा, १० अंश वळा, ३६ वेळा. रिपीटच्या पोटात रिपीट. सर्वांत जास्त होणारी चूक: ‘वळ १०’ हा ब्लॉक आतल्या रिपीटमध्ये जातो. तेव्हा प्रत्येक कोपऱ्यात ९० ऐवजी १०० अंश वळते आणि चौरस मिटतच नाही. ब्लॉकचा ‘सी’ आकार कुठे संपतो ते बोटाने दाखवायला लावले.

रांगोळी पूर्ण व्हायला पाच-सहा सेकंद लागतात. स्क्रॅच सेकंदाला ३० चौकटी (फ्रेम) काढतो आणि चित्र बदलले की रिपीटच्या प्रत्येक फेरीला एक चौकट थांबतो. हा मंदपणा मुलांच्या फायद्याचा आहे, काय घडते ते डोळ्यांना दिसते. वेग वाढवणारा टर्बो मोड मुद्दाम दाखवला नाही.

५ जुलै

उद्या आषाढी. ११ मुले. नवे काही घेतले नाही. छापील चिठ्ठ्यांवर प्रोग्रॅम देऊन ‘आधी सांगा, मग चालवा’: चित्र कसे येईल ते वहीत काढायचे आणि मगच झेंडा. चुकलेले भाकीत खोडायचे नाही, बाजूला खरे चित्र काढायचे.

१२ जुलै

व्हेरिएबल. इथे घाई केली की पुढचे सगळे डळमळते.

पुस्तकांतून व्हेरिएबलला ‘डबा’ म्हणतात. आम्ही तो शब्द वापरणे सोडले आहे. डब्यात दोन वस्तू राहू शकतात, आणि डब्यातून वस्तू काढली की डबा रिकामा होतो. व्हेरिएबलचे दोन्ही बाबतींत उलटे. त्याऐवजी पाटी. पाटीवर नवे लिहायचे तर जुने पुसावे लागते, आणि पाटी नुसती वाचली तर तिच्यावरचे जात नाही. खऱ्या पाट्या, पेन्सिली आणि ओले फडके आणले.

पहिला प्रश्न: अ मध्ये ५ लिही. ब मध्ये अ लिही. अ मध्ये ७ लिही. आता ब किती? २३ मुलांतून बहुतेकांनी ७ सांगितले. अ आणि ब एकदा जोडले की जोडलेलेच राहतात, असे त्यांना वाटते. शाळेच्या बीजगणितात बरोबरचे चिन्ह तसेच वागते. दोन मुलांना पाट्या देऊन उभे केले. ‘ब मध्ये अ लिही’ म्हणजे ब ने अ च्या पाटीकडे बघायचे, ५ उतरवून घ्यायचे, आणि तोंड फिरवायचे. अ ने नंतर पुसून ७ लिहिले तरी ब ला कळत नाही, त्याची पाठ आहे. पाठ फिरवणे हा भाग सोडू नये. तो केला नाही तर मूल शेजारच्या पाटीकडे बघून आपली पाटी बदलते.

दुसरा प्रश्न, अदलाबदल. अ वर ३, ब वर ८. ‘अ मध्ये ब लिही, ब मध्ये अ लिही.’ दोन्ही पाट्यांवर ८. तीन कुठे गेला? फडक्यावर. ही गोष्ट हाताने झाली की तिसरी पाटी लागते हे मुले स्वतःच म्हणतात, आणि तिसरी पाटी आधी भरायची हेही.

तिसरा प्रश्न आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. ‘सर्वांत मोठा’ नावाचा व्हेरिएबल केला, त्यात ४, मग ९, मग ६ लिहिले. मुले म्हणाली उत्तर ९. नावावरून यंत्राला हेतू कळतो ही समजूत. रॉय पी यांनी १९८६ मध्ये हीच गोष्ट नवशिक्यांच्या चुकांच्या मुळाशी असल्याचे मांडले: यंत्राच्या आत कुणी समजूतदार बसला आहे असे धरून चालणे. उपाय सोपा. व्हेरिएबलचे नाव बदलून ‘केळे’ ठेवले, प्रोग्रॅम तसाच चालवला, उत्तर तेच ६. मग तुलना करण्याचा इफ कशाला हवा हे समजले. नाव माणसाने वाचायचे आहे, यंत्राला सगळी नावे सारखी.

गुण मोजणाऱ्या खेळात ‘सेट’ (नवी किंमत लिही) आणि ‘चेंज’ (आहे त्यात मिळव) यांची गल्लत: प्रत्येक आंब्याला ‘सेट १’ केले तर गुण एकावरच राहतात. आणि सुरुवात-पट्टीत ‘सेट गुण ०’ नसेल तर मागच्या खेळाचे गुण पुढे येतात.

१९ जुलै

ब्लॉककडून मजकुराकडे. टेबलावर कागदी पट्ट्या: डाव्या बाजूला छापलेले स्क्रॅच ब्लॉक, उजव्या बाजूला त्याच प्रोग्रॅमच्या पायथॉनच्या ओळी, विस्कटलेल्या. जोडी लावायची आणि क्रम लावायचा. पट्ट्या लावण्याचे हे कोडे डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये मांडले. टाइप करण्याचे ओझे नसल्याने मूल फक्त क्रमाचा आणि आत-बाहेरचा विचार करते. आत-बाहेर दाखवायला पट्ट्या दोन बोटे उजवीकडे सरकवायच्या. इंडेंट म्हणजे काय हे की-बोर्डला हात न लावता झाले.

पण दोन साधने जिथे उलट वागतात त्या जागा आधी सांगितल्या नाहीत तर मुलांचा शिकलेल्यावरचाच विश्वास उडतो. भिंतीवर लावलेला तक्ता असा:

दिशा: स्क्रॅचमध्ये ० म्हणजे वर, ९० म्हणजे उजवीकडे. पायथॉनच्या कासवात ० म्हणजे उजवीकडे, ९० म्हणजे वर, आणि अंश घड्याळाच्या उलट वाढतात. मोड ‘लोगो’ केला की स्क्रॅचसारखे होते, फक्त कासव सुरुवातीला वर तोंड करून उभे राहते. आम्ही तो मोड लावूनच देतो.

बरोबरचे चिन्ह: स्क्रॅचच्या हिरव्या ब्लॉकमधले एक ‘बरोबर’ तुलना करते. पायथॉनमध्ये एक ‘बरोबर’ म्हणजे पाटीवर लिही, तुलनेला दोन.

यादी: स्क्रॅच १ पासून मोजतो, पायथॉन ० पासून.

कड: स्क्रॅचचे मांजर कडेला अडते, पायथॉनचे कासव खिडकीबाहेर निघून जाते आणि तिकडेही इमानाने रेघा काढत राहते.

एकाच वेळी: स्क्रॅचमध्ये दोन झेंडे लावले की दोन्ही कामे सोबत चालतात. पायथॉनमध्ये एक संपल्यावर दुसरे. खेळ केलेल्या मुलांना हे सर्वांत जड जाते, कारण त्यांच्या खेळात पाच-सहा झेंडे असतात.

२६ जुलै

थॉनीचा पहिला दिवस. थॉनी मिंटच्या भांडारातून बसवला की कासवासाठी लागणारे टीकेइंटर सोबत येते. नुसता पायथॉन असेल तर टीकेइंटर नाही म्हणून एरर येते; वेगळे पॅकेज घालावे लागते.

पहिली २० मिनिटे की-बोर्डवरच गेली पाहिजेत. कंस, कोलन, अवतरणचिन्ह, अंडरस्कोअर. मुलांना अक्षरे सापडतात, ही चार चिन्हे सापडत नाहीत, कारण मोबाइलवर ती दुसऱ्या पानावर असतात. शिफ्ट दाबून धरायचा आणि मग दुसरी कळ, हे बऱ्याच मुलांनी कधी केलेले नव्हते. ही सवय न लावता थेट कोड दिला तर दोन तास एरर काढण्यात जातात आणि मूल समजते की आपल्याला प्रोग्रॅमिंग जमत नाही.

एफ५ ने चालवायचे. कंट्रोल-एफ५ ने पाऊलपाऊल, एफ७ ने आत शिरायचे. ‘गुण = गुण + १’ या ओळीवर एफ७ दाबत गेलो तर आधी उजवीकडचा ‘गुण’ पुसून तिथे त्याची किंमत येते, मग बेरीज होते, मग ती पाटीवर जाते. पाटीचा खेळ पडद्यावर तसाच दिसला. व्ह्यू मेनूतून व्हेरिएबल्सची खिडकी उघडी ठेवायची. मुले तिला ‘पाट्यांचा फळा’ म्हणू लागली आहेत.

बिघाड असे: फाइलला ‘टर्टल’ नाव देऊन सेव्ह केली की पायथॉन मूळ मोड्यूलऐवजी हीच फाइल आयात करतो आणि ‘फॉरवर्ड नावाचे काही नाही’ म्हणतो. कोड अचूक असतो, म्हणून शोधायला फार वेळ लागतो. फाइलचे नाव बदलायचे. ‘रँडम’चेही असेच. कासव चालू असताना त्याची खिडकी बंद केली तर ‘टर्मिनेटर’ नावाची एरर येते, घाबरायचे नाही. काही वेळा खिडकी थॉनीच्या मागे उघडते, मूल म्हणते काहीच झाले नाही, आल्ट-टॅब.

कंस मिटवला नाही तर पायथॉन ३.१० पासून संदेशच सांगतो की अमुक कंस मिटलेला नाही. त्याआधीच्या आवृत्त्या पुढच्या ओळीकडे बोट दाखवत, आणि मुले निर्दोष ओळ खोडत बसत. जुनी आवृत्ती असेल तर नवी घालणे हेच शिकवण्याचे काम समजावे.

एररचे कार्ड प्रत्येक टेबलावर. नेमएरर: हे नाव मला माहीत नाही, स्पेलिंग किंवा कॅपिटल बघ. सिंटॅक्सएरर: वाक्य अर्धवट आहे. इंडेंटेशनएरर: आत-बाहेर चुकले. टाइपएरर: अंक आणि मजकूर मिसळले. एररमध्ये शेवटची ओळ आधी वाचायची, मग ओळक्रमांक.

२ ऑगस्ट

देवनागरी. मुलांनी आपणहून ‘बाजू = १००’ असे मराठीत लिहून पाहिले, आणि त्यातून पूर्ण वर्ग याच विषयावर झाला. बरेच झाले.

पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलचे नाव देवनागरीत चालते. ‘बाजू’, ‘कोन’, ‘गुण’ सगळे चालले. पण ‘वाऱ्याचा_वेग’ एका यंत्रावर चालले, दुसऱ्यावर ‘अदृश्य अक्षर’ अशा अर्थाची एरर. कारण ‘ऱ्या’ मधला अर्धा र. काही की-बोर्ड तो ऱ आणि हलन्ताने लिहितात, काही र, हलन्त आणि न दिसणारा जोडक यांनी. तो जोडक (युनिकोडमधला क्रमांक यू+२००डी) पायथॉन नावात चालवून घेत नाही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. वाऱ्या, दऱ्या, पायऱ्या, तऱ्हा असे शब्द नावात आले की हा धोका.

अंकांचे वेगळेच. कोडमध्ये देवनागरी १२ लिहिले तर सिंटॅक्सएरर. पण इनपुटला कुणी देवनागरीत १२ दिले आणि ते इंटमधून (मजकुराचा अंक करणाऱ्या आज्ञेतून) काढले तर बारा बरोबर मिळतात. म्हणजे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने इंग्रजी अंक वापरायचे, वापरणारा मराठी अंक देऊ शकतो. मुलांना हे फार आवडले.

मोठी अडचण दिसण्याची. थॉनी टीकेवर (टीकेइंटरच्या मागची, खिडक्या आणि अक्षरे दाखवणारी यंत्रणा) बांधलेला आहे, आणि लिनक्सवरचे टीके अक्षरे जुळवत नाही. ‘किती’ मधली पहिली वेलांटी क च्या उजवीकडे पडते, जोडाक्षरे सुटी होतात. कोड चालतो, पण वाचवत नाही. तोच मजकूर फाइलमध्ये यूटीएफ-८ एन्कोडिंगने लिहून मिंटच्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडला तर अक्षरे नीट. टर्बोवार्पलाही ही अडचण नाही, कारण तो ब्राउझरच्या यंत्रणेवर चालतो. विंडोजच्या लॅपटॉपवर थॉनीत अक्षरे जुळलेली दिसली.

ठरवले असे: व्हेरिएबलची नावे मराठीच, पण रोमन अक्षरांत. टिपा वहीत मराठीत. मुलाने आपल्या भाषेत विचार करून नाव द्यावे हे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

जाता जाता ‘लेन’, लांबी सांगणारी आज्ञा. ‘ठाणे’ची लांबी किती? मुले म्हणाली २. पायथॉन म्हणाला ४: ठ, काना, ण, मात्रा. ‘ऐरोली’ ५. ‘तुर्भे’ ६, त्यात उकार आणि हलन्तही धरले. उलटा लिहिलेला ‘ठाणे’ आधी मात्रा, मग ण, मग काना, मग ठ असा येतो, आणि नीट जुळवणाऱ्या एडिटरमध्ये सुरुवातीच्या मात्रेला बसायला अक्षर नसल्याने ठिपक्यांचे वर्तुळ दिसते. दोन मुलांनी घरून इतर नावे मोजून आणायचे ठरवले.

९ आणि १६ ऑगस्ट

राखीपौर्णिमा, मग दहीहंडी. वर्ग नाही. यंत्रे दोन्ही शनिवारी तासभर सुरू ठेवली; दमट हवेत सलग पंधरा दिवस बंद ठेवू नयेत.

२३ ऑगस्ट

याद्या. ट्रान्स-हार्बर या लोकल रेल्वेमार्गाची ठाणे ते वाशी स्थानके: ठाणे, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. आठ. शून्यापासून मोजत ऐरोली एकवर. प्रत्येक जोडीने ‘पुढील स्टेशन’ सांगणारा प्रोग्रॅम केला आणि आपल्या स्टेशनासाठी १ हा आकडा ठिकठिकाणी लिहिला.

मग सांगितले की जानेवारी २०२४ मध्ये दिघा गाव सुरू झाले, ते घाला. इन्सर्ट, जागा १. यादी बरोबर झाली, आणि सगळ्यांचे ऐरोली दिघा गाव झाले. एरर एकही नाही, उत्तर मात्र चूक. आकडा हाताने लिहिण्याऐवजी यादीलाच ‘ऐरोली कुठे आहे’ विचारायचे, इंडेक्स, ही गोष्ट या एका स्टेशनाने जितकी पटली तितकी फळ्यावर पटली नसती.

यादीतून ऐरोली ते वाशी तुकडा काढताना २ ते ८ घेतले तर वाशी सुटते, शेवटचा आकडा धरला जात नाही. परतीसाठी ८ ते २ घेतले तर रिकामी यादी येते, तीही बिनतक्रार. मुलांना एररपेक्षा ही शांतता जास्त फसवते. म्हणून आजपासून नियम: तुकडा काढला की आधी छापून बघायचा.

तिकिटांचा हिशेब: इनपुट ३, भाडे समजा १०. उत्तर ३३३३३३३३३३. इनपुट मजकूर असतो. मजकूर गुणिले १० म्हणजे तो दहा वेळा. इंट कशाला, हे याच उत्तरावर सांगावे, आधी सांगू नये.

‘उजवे म्हणजे डावे डावे डावे’ ही जूनमधली चिठ्ठी आज काढली. त्या जोडीनेच फळ्यावर ती डेफने (पायथॉनमध्ये फंक्शन बनवण्याचा शब्द) लिहिली. कोलन विसरले, कार्ड बघून घातला.

१३ सप्टेंबर

गणपतीनंतरचा पहिला वर्ग. चार मायक्रोबिट (शिकण्यासाठीचे छोटे संगणक-बोर्ड), २०२०ची दुसरी आवृत्ती, ध्वनी ऐकणारी आणि वाजवणारी. बोर्डवर ५ गुणिले ५ दिवे. थॉनीतच इंटरप्रिटर (कोड चालवणारा) म्हणून मायक्रोबिट निवडले, मायक्रोपायथॉन (छोट्या बोर्डांसाठीचा पायथॉन) तिथूनच घातले.

दोन बोर्ड दिसेनात. एका केबलमधून फक्त चार्जिंग होत होते, डेटाच्या तारा नव्हत्या. बोर्डचा दिवा लागतो म्हणून केबलवर संशय येत नाही. दुसऱ्याला ‘परवानगी नाही’: लिनक्सवर वापरकर्ता डायलआउट गटात (सिरीयल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या) हवा, आणि गटात घातल्यावर लॉगआउट करून परत यावे लागते. बाराही यंत्रांवर आताच करून ठेवले.

एकट्या बॅटरीवर चालवायचा प्रोग्रॅम बोर्डवर ‘मेन’ याच नावाने सेव्ह करावा लागतो, नाहीतर यूएसबी काढताच दिवे विझतात आणि परत लागत नाहीत. दोन एएए सेल, ३ व्होल्ट. एका जोडीने स्टेशनांच्या आद्याक्षरांची पाटी फिरवून दाखवली. देवनागरी अक्षर ५ गुणिले ५ मध्ये बसवायला शिरोरेषा सोडावी लागली. ‘ठ’ बसला, ‘घ’वर अजून वाद चालू आहे.

बोर्ड पेटीत ठेवताना सेल काढून वेगळे ठेवले. पावसाळ्यात होल्डरमध्ये राहिलेले सेल गळतात आणि स्प्रिंग हिरवी पडते.